प्रश्न सतरावा

खिडकीतून दिसते ती टेकडी देवाची नाही.
खाणीतून निघालेला दगड जाळला, त्याची राख
साठ वर्षं ओतत ओतत झाली ती,
टोकदार, शाळेच्या वहीत काढावी तशी.
कोह्तला-यार्वेत परगावचं कुणी आलं
की आमचा नाही, तिचा फोटो काढतं.

माझ्या टेबलावरही एक त्रिकोण आहे, लॅमिनेट केलेला.
राजधानीतल्या प्रशिक्षणात मिळाला, बिस्किटांच्या पुड्यासोबत.
तळाला भाकर, पाणी, ऊब, झोप.
त्यावर कडीकुलूप. त्यावर माणसं. त्यावर मान.
आणि शेंड्यावर, चिमणीही नीट बसणार नाही एवढ्या जागेत,
स्वतःला गवसणं.
थोडक्यात, आधी पोटोबा;
बाकीच्या देवांनी रांगेत उभं राहावं.

सावेली झुबकोव रांगेतून आला तो फेब्रुवारीतला मंगळवार.
एकतीस वर्षं खाणीत. खाण बंद.
टोपी मांडीवर, टोपीवर दोन्ही हात,
जणू सोडली तर उडेल.
मी त्याच्यापुढे स्वभावाची प्रश्नावली ठेवली.
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे अगदी तंतोतंत.

मला लोकांत मिसळायला आवडतं.
"कुठल्या लोकांत?" तो म्हणाला.
"खाली दिवा गेला तर शेजारच्याचा खोकलाही गोड लागतो.
वर, जिन्यात कुणी भेटू नये म्हणून
मी दाराआड थांबून पावलं मोजतो."
मी तीन लिहिले.
मी सहज घाबरतो.
"छत करकरल्यावर जो घाबरत नाही, बाई,
त्याची पेन्शन त्याची बायको घेते."
पुन्हा तीन.

माझं नाव वाइके. आमच्या भाषेत त्यात शांतपणा आहे.
आईनं ठेवलं तेव्हा मी भोकाड पसरलं होतं म्हणे,
आणि अजून माझा आवाज तिसऱ्या खिडकीपर्यंत जातो.
हे मी त्याला सांगितलं नाही.
प्रश्न मी विचारायचे, अशी इथली पद्धत.

सतरावा: मी पैसे विचारपूर्वक खर्च करतो.
इथे तो पहिल्यांदा हसला.
पहिला भत्ता हातात पडला त्या दिवशी
सरपणाआधी त्यानं मका घेतला, वाटाणे घेतले, दोन पोती.
कबुतरांसाठी. बावीस आहेत, गॅरेजच्या माळ्यावर.
"आणि तुम्ही?"
"मी ओव्हरकोट घालून झोपतो."
"आणि जेवण?"
"सगळे वाटाणे काही तीच खात नाहीत."

मी त्रिकोण त्याच्याकडे सरकवला. का, कोण जाणे.
नियमात नाही ते.
"यात कबुतरं कुठं बसतात, दाखवा."
त्यानं चष्मा काढला, पुसला, लावला.
बोट उबेवर टेकलं, माणसांवर चढलं,
मानावर जरा रेंगाळलं
(त्याची राखी मादी एका उन्हाळ्यात
पोलंडमधल्या कुठल्याशा शेतातून
सगळ्यांच्या आधी घरी पोचली होती),
मग कागद संपला, टेबल संपलं,
बोट खिडकीकडे वळलं.

"ती आतून अजून जळतेय, ठाऊक आहे?
जानेवारीत गाव सगळा पांढरा,
पण तिच्या एका कुशीवर बर्फ टिकत नाही.
गवत उगवतं तिथं, भलत्याच महिन्यात.
माझी पोरं दमून आली की आधी तिथं उतरतात.
दाणे माळ्यावर असतात, पाणी माळ्यावर.
उतरतात तिथं."

संगणकानं अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं:
संयमी. मध्यम मिसळणारा. गोदामासाठी योग्य.
त्यानं कागद चौपदरी घडी करून टोपीत ठेवला,
टोपी डोक्यावर, आणि गेला.
माझ्या खिडकीशी पुढचा नंबर आला.

त्या संध्याकाळी मी बस एक थांबा आधी सोडली.
अंधारात टेकडी दिसत नव्हती, नुसता वास होता,
भिजलेल्या काडेपेटीचा.
भूक सणकून लागली होती, बोटं गारठली होती,
घरी कालचं सूप होतं.
उभी राहिले तरी,
एखादं पाखरू उतरतंय का बघत.
रात्री कबुतरं उडत नाहीत,
हे मलाही ठाऊक आहे.